पासवर्ड साठवू नका, दळून ठेवा

हमरियातल्या खोलीवर, रुवीतल्या दुकानात किंवा वादी कबीरच्या वर्कशॉपमधून परतताना बसमध्ये, जिथे असाल तिथे तुमचं स्वागत. कार्यक्रम ऐकताना ज्यांचं थोडं सुटलं, त्यांच्यासाठी हा भाग लेखी स्वरूपात.

आजचा विषय तांत्रिक आहे, पण घाबरू नका. आपल्यातली बरीच तरुण मुलं कॉम्प्युटरच्या कामात आहेत, त्यांना तो उपयोगी पडेल. आणि ज्यांना कोड लिहिता येत नाही, त्यांच्यासाठी शेवटी एक सोपी परीक्षा दिली आहे. ती फोनवर दोन मिनिटांत करता येते.

एक चित्र डोळ्यांसमोर आणा. गणेशोत्सवाची नोंदणी, दिवाळीच्या जेवणाचे पास, रक्तदात्यांची यादी, जुन्या पुस्तकांची देवाणघेवाण. आधी हे सगळं वहीत असतं. मग एक्सेलच्या शीटमध्ये जातं. मग आपल्यातलाच कुणी पायथन जाणणारा मुलगा दोन सुट्ट्यांत छोटी वेबसाइट उभी करतो. आत जायला एकच पासवर्ड ठेवतो आणि तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो. काम सुरू होतं, सगळे खूश.

दोन वर्षं जातात. ग्रुपमधले काही जण काम संपवून रत्नागिरीला परतले, काही दुबईला गेले, काहींचा फोन हरवला. पासवर्ड मात्र तोच. म्हणजे आपल्या दीडशे-दोनशे लोकांची नावं, फोन नंबर, रक्तगट आणि राहण्याचे पत्ते नेमके कोण पाहू शकतं, हे आता कुणालाच सांगता येत नाही. यादीतलं एखादं नाव पुसलं गेलं, तर ते कुणी पुसलं हेही कळत नाही. एका माणसाचा प्रवेश बंद करायचा तर सगळ्यांचाच पासवर्ड बदलावा लागतो, म्हणून कुणी तो बदलतच नाही.

यावर उपाय एकच. प्रत्येकाचं वेगळं खातं हवं आणि त्या खात्यांची नोंद डेटाबेसमध्ये हवी. हे करणं आज अवघड राहिलेलं नाही. पण चुकीच्या पद्धतीने केलं, तर आधीच्या एका पासवर्डपेक्षा मोठा धोका आपणच तयार करतो. कसा, ते बघू.

पहिली पायरी: तीन प्रश्न वेगळे करा

कुणी दारात आलं की आपण मनातल्या मनात तीन प्रश्न विचारतो. तू कोण? तो तूच कशावरून? आणि तुला आत काय काय करता येईल? पहिली ओळख, दुसरी पडताळणी, तिसरी परवानगी. एकाच सामायिक पासवर्डमध्ये या तिन्हींची खिचडी झालेली असते. ज्याला पासवर्ड माहीत, तो कुणीही असो, त्याला सगळं करता येतं.

डेटाबेसमध्ये आपण युजरचं एक टेबल करतो. एका माणसाची एक ओळ. त्या ओळीची ओळखखूण काय ठेवायची, हा पहिला निर्णय, आणि आखातात तो फार जपून घ्यावा लागतो. बहुतेक जण सहज मोबाइल नंबर ठेवतात. भारतात राहणाऱ्याचा नंबर वर्षानुवर्षं तोच राहतो. इथे मात्र माणूस देश सोडून गेला की त्याचं ओमानचं सिम बंद पडतं, आणि बंद पडलेला नंबर कंपनी काही काळाने दुसऱ्याला देऊ शकते. आपल्या वेबसाइटसाठी नंबर म्हणजेच माणूस असेल, तर तो नवा मालक आपल्या जुन्या सभासदाच्या खात्याचा वारस ठरतो. 'पासवर्ड विसरलात?' या बटणावर बोट ठेवायचं, कोड त्याच्याच फोनवर येणार.

म्हणून ओळीचा मुख्य क्रमांक असा असावा की त्याला स्वतःचा काही अर्थ नसेल. याचं मोठं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. तो १२ आकडी क्रमांक नुसता पाहून गाव कळत नाही, वय कळत नाही, जातही कळत नाही. माणसाचा पत्ता बदलला, फोन बदलला, तरी क्रमांक तोच राहतो. आपल्या छोट्या टेबलातही तेच करायचं. फोन आणि ईमेल हे बदलता येणारे रकाने, आणि क्रमांक कायमचा.

आणखी एक. जे लागत नाही ते मागू नका. दिवाळीच्या पाससाठी रेसिडंट कार्डाचा नंबर कशाला? जे साठवलंच नाही, ते चोरीला जात नाही.

दुसरी पायरी: पासवर्ड टेबलात ठेवू नका

आता मुख्य गोष्ट. टेबलात नावाचा रकाना केला, ईमेलचा केला. पुढे पासवर्डचा रकाना करून त्यात माणसाने टाइप केलेला पासवर्ड जसाच्या तसा ठेवायचा, असं नवख्याला वाटतं. तुलना सोपी होते ना. पण हीच ती चूक. आणि ही चूक कॉम्प्युटरवरच्या पासवर्डाइतकीच जुनी आहे.

१९६० च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये एकच कॉम्प्युटर अनेकांनी वाटून वापरण्याची एक प्रणाली होती. प्रत्येकाला वापराचा वेळ ठरवून दिलेला, म्हणून प्रत्येकाला पासवर्ड. सगळे पासवर्ड एका फाइलमध्ये साधे, वाचता येतील असे. १९६२ मध्ये अ‍ॅलन शेर नावाच्या संशोधकाला जास्त वेळ हवा होता. त्याने ती फाइल छापून देण्याची विनंती यंत्राला केली आणि यंत्राने ती निमूटपणे छापून दिली. पुढे १९६६ मध्ये तर दोन फाइलींची अदलाबदल झाली, आणि जो लॉगिन करेल त्याच्यासमोर रोजच्या सूचनेच्या जागी सगळ्यांचे पासवर्ड येऊ लागले. यात कुणी बाहेरचा चोर नव्हता. वाचता येईल अशी फाइल होती, म्हणून ती कधी ना कधी वाचली गेली.

जग यावरून लगेच शिकलं असं नाही. २००९ मध्ये रॉकयू या अमेरिकी कंपनीच्या डेटाबेसमधून ३ कोटी २० लाखांहून जास्त पासवर्ड बाहेर पडले. सगळे साधे, वाचता येणारे. आणि त्यात सगळ्यांत जास्त वेळा आलेला पासवर्ड कोणता? १२३४५६.

तुम्ही म्हणाल, आमच्या पुस्तकांच्या यादीत चोरण्यासारखं काय आहे? यादीत नसेलही. पण माणसं तोच पासवर्ड सगळीकडे वापरतात. आपल्या वेबसाइटवर एखाद्या काकांनी टाकलेला पासवर्ड त्यांच्या ईमेललाही असू शकतो. ईमेल उघडलं की बँकेपर्यंतचा रस्ता फार लांब नसतो. म्हणजे आपण पुस्तकांची यादी सांभाळतोय असं समजतो आणि प्रत्यक्षात काकांची महिनाभराची कमाई सांभाळत असतो.

तिसरी पायरी: दळण

मग पासवर्ड न ठेवता तो बरोबर आहे हे ओळखायचं कसं? आपल्या घरातलं उदाहरण घेऊ. ज्वारी दळली की पीठ होतं. पिठाची पुन्हा ज्वारी होत नाही. आता समजा, अशी एक गिरणी आहे की तेच धान्य टाकलं तर दर वेळी अगदी तेच पीठ पडतं, आणि एक दाणा जरी बदलला तरी पीठ पूर्ण वेगळं. या गिरणीला कॉम्प्युटरच्या भाषेत हॅश म्हणतात. आपण टेबलात धान्य ठेवत नाही, पीठ ठेवतो. माणूस पुन्हा आला, पासवर्ड टाइप केला, की तो दळायचा आणि दोन्ही पिठं जुळवून बघायची. जुळली तर माणूस खरा. मूळ पासवर्ड आपल्याकडे कुठेच नाही.

एवढ्याने काम भागत नाही. दोघांचा पासवर्ड १२३४५६ असेल, तर दोघांचं पीठ सारखंच दिसणार. शिवाय चोर घरी बसून नेहमीचे लाखो पासवर्ड आधीच दळून ठेवू शकतो आणि चोरलेल्या पिठाशी ताडून पाहू शकतो. यावर १९७९ मध्ये बेल लॅब्जच्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी युनिक्सबद्दलच्या लेखात जो उपाय मांडला, त्याचं नावच सॉल्ट. मीठ! प्रत्येकाच्या धान्यात दळण्याआधी वेगळी, यदृच्छेने निवडलेली चिमूट टाकायची आणि कोणती चिमूट टाकली ते पिठाशेजारी लिहून ठेवायचं. मीठ गुपित नसलं तरी चालतं. त्याचं काम एवढंच की चोराला प्रत्येक माणसासाठी दळण पुन्हा पहिल्यापासून घालावं लागावं. २०१२ मध्ये लिंक्डइनचे सुमारे ६५ लाख हॅश बाहेर आले तेव्हा त्यात मीठच नव्हतं, म्हणून ते भराभर फुटले. २०१६ मध्ये कळलं की खरा आकडा ११ कोटींच्या वर होता.

तिसरी गोष्ट म्हणजे वेग. साधी हॅशची गिरणी फार वेगवान असते. आजचं एक चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला अब्जावधी दळणं काढतं. म्हणून पासवर्डसाठी मुद्दाम जड जातं वापरतात. खऱ्या माणसाला लॉगिन करताना अर्धा सेकंद जास्त लागला तर काय बिघडतं? पण चोराला कोट्यवधी वेळा दळायचं असतं, त्याचे हात भरून येतात. बीक्रिप्ट हे असं जातं १९९९ मध्ये आलं. २०१५ च्या स्पर्धेत आर्गॉन२ विजेतं ठरलं. पीबीकेडीएफ२ हे तिसरं, त्यात तेच दळण लाखो वेळा फिरवतात.

चौथी पायरी: तयार फ्रेमवर्क वापरा

हे जातं स्वतः घडवायला बसू नका. वेब फ्रेमवर्कमध्ये ते तयार मिळतं. पायथनमधला जँगो घ्या. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत तो तयार झाला आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. त्यात युजरचं टेबल, लॉगिन, लॉगआउट, पासवर्ड बदलणं, गट आणि परवानग्या हे सगळं सोबत येतं. लाराव्हेलमध्येही अशी सोय आहे आणि तिथे बीक्रिप्ट ठरलेलं असतं. फ्लास्क आणि एक्सप्रेस हलके आहेत, तिथे लॉगिनचा भाग वेगळा जोडावा लागतो. तो जोडतानाही नावाजलेली, अजून सांभाळली जाणारी लायब्ररीच घ्या.

जँगोच्या टेबलात पासवर्डच्या रकान्यात डोकावलात, तर डॉलरच्या चिन्हाने तोडलेले चार तुकडे दिसतील: कोणतं जातं, किती फेरे, कोणतं मीठ आणि शेवटी पीठ. फेऱ्यांचा आकडा वाढत जातो. ४.२ आवृत्तीत तो ६ लाख होता, ५.२ मध्ये १० लाख झाला. जुन्या सभासदाने पुढच्या वेळी लॉगिन केलं की त्याचं पीठ नव्या आकड्याने आपोआप पुन्हा दळलं जातं. तुम्हाला काही करावं लागत नाही.

मात्र सुरुवातीलाच एक काम करा. पहिलं मायग्रेशन चालवण्याआधी स्वतःचं युजर मॉडेल लिहा, मग ते आज रिकामं का असेना. टेबलं तयार झाल्यावर ते बदलणं म्हणजे घरात राहायला गेल्यावर पाया खणण्यासारखं.

आता मराठी माणसासाठी खास दोन गोष्टी, ज्या इंग्रजी पुस्तकांत सहसा सापडत नाहीत.

पहिली. बीक्रिप्ट फक्त पहिले ७२ बाइट बघतं. इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला ३. 'विठ्ठल' हा शब्द आपल्याला तीन अक्षरी वाटतो, पण कॉम्प्युटरसाठी त्यात काना-मात्रा-हलंत धरून ६ चिन्हं आहेत, म्हणजे १८ बाइट. चार वेळा 'विठ्ठल' लिहिलं की ७२ भरले. पुढे काहीही लिहा, बीक्रिप्टच्या कित्येक लायब्ऱ्या ते गुपचूप सोडून देतात. सभासद देवनागरीत लांब वाक्य पासवर्ड म्हणून ठेवणार असतील, तर आर्गॉन२ किंवा पीबीकेडीएफ२ बरं.

दुसरी. 'दऱ्या' मधला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकच चिन्ह म्हणून, किंवा र आणि खाली नुक्ता अशी दोन चिन्हं म्हणून. डोळ्यांना सारखेच, पण जात्यासाठी वेगळं धान्य. एका फोनच्या कीबोर्डवरून ठेवलेला पासवर्ड दुसऱ्या फोनवरून 'चुकीचा' ठरू शकतो. म्हणून दळण्याआधी मजकूर युनिकोडच्या एका ठरावीक रूपात आणून घ्या. युजरनेमसाठी जँगो हे स्वतः करतो. पासवर्डसाठी तुम्ही करा, आणि पहिल्याच दिवसापासून करा.

पाचवी पायरी: दार आणि बिल्ला

लॉगिनच्या वेळी काय घडतं ते क्रमाने पाहू. माणूस नाव आणि पासवर्ड पाठवतो. वाटेत कुणी वाचू नये म्हणून वेबसाइट एचटीटीपीएसवरच हवी. सर्व्हर त्या नावाची ओळ शोधतो. इथे टाइप केलेलं नाव डेटाबेसच्या आज्ञेत थेट चिकटवू नका. रॉकयूचं दार याच चुकीने उघडलं होतं. फ्रेमवर्कच्या नेहमीच्या मार्गाने विचारलं, तर ही काळजी तो घेतो.

ओळ सापडली, पासवर्ड दळला, जुळला नाही. तर उत्तर एकच द्या: नाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे. 'असं नाव आमच्याकडे नाही' असं सांगितलं, तर आपल्याकडे कोण आहे आणि कोण नाही याची यादीच आपण वाटत बसतो. जँगो तर नाव नसलं तरी एकदा खोटं दळण घालतो, म्हणजे उत्तर यायला लागणाऱ्या वेळेवरूनही काही कळू नये. पण दारावर पुन्हा पुन्हा धडका मारणाऱ्याला अडवण्याची सोय त्यात मुळात नाही. अमुक चुकांनंतर थोडा वेळ थांबा, हा नियम वेगळा जोडावा लागतो. तो विसरू नका.

पासवर्ड जुळला, की सर्व्हर एक सेशन उघडतो. देवळाबाहेर चपला ठेवल्या की बिल्ला मिळतो ना, तसं. ब्राउझरकडे फक्त बिल्ल्याचा नंबर जातो, कुकी म्हणून. पुढच्या प्रत्येक पानावर पासवर्ड नाही, बिल्ला दाखवायचा. म्हणजे बिल्ला चोरणारा आपल्या चपला घालून जाऊ शकतो. म्हणून लॉगिन होताच नवा नंबर द्यायचा, कुकी पानावरच्या स्क्रिप्टला वाचता येणार नाही अशी ठेवायची, आणि लॉगआउट केलं की बिल्ला सर्व्हरवरही फाडायचा. एका खोलीत पाच-सहा जण राहतात, एक लॅपटॉप चौघे वापरतात, तिथे लॉगआउटचं बटण ठळक जागी हवं.

सहावी पायरी: जुन्या घरातून नव्या घरात

एका सामायिक पासवर्डवरून वेगवेगळ्या खात्यांवर जाताना लोक घाईत तीच चूक पुन्हा करतात. सगळ्यांचे पासवर्ड स्वतः बनवतात आणि त्यांची शीट ग्रुपवर टाकतात. तसं करू नका. खातं पासवर्डशिवाय तयार करा आणि प्रत्येकाला स्वतःचा पासवर्ड ठेवण्याची लिंक ईमेलने पाठवा. जँगोची अशी लिंक सहसा ३ दिवस चालते आणि एकदा पासवर्ड ठेवला की निकामी होते. जुना सामायिक पासवर्ड बंद होण्याची तारीख आधी सांगा आणि त्या तारखेला तो खरंच बंद करा.

मग गट करा. नोंदणी पाहणारे वेगळे, यादी बदलणारे वेगळे, रक्तगट पाहू शकणारे त्याहून थोडे. कुणी देश सोडून गेलं, की त्याच दिवशी त्याचं खातं निष्क्रिय करा. ओळ लगेच पुसायची गरज नाही, नाहीतर कोणता बदल कुणी केला याची नोंद तुटते. पण ज्या माहितीचं काम संपलं, ती ठरावीक काळाने जरूर पुसा. ओमानमध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा शाही फर्मान ६/२०२२ ने आला आणि फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाला. लोकांची माहिती गोळा करताना त्यांची संमती आणि तिची राखण या गोष्टी आता नुसत्या चांगुलपणाच्या राहिलेल्या नाहीत.

शेवटी बॅकअप आणि लॉग. डेटाबेसची प्रत कुणाच्या पेनड्राइव्हवर पडली असेल, तर आपण पुढच्या दाराला कुलूप लावून मागचं उघडं ठेवलं. आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये पासवर्ड उमटत नाहीत ना, हे तपासा. २०१९ मध्ये फेसबुकलाही कबूल करावं लागलं की कोट्यवधी पासवर्ड त्यांच्या आतल्या यंत्रणेत वाचता येतील असे पडून होते.

आता ज्यांना कोड येत नाही, त्यांची परीक्षा. तुम्ही वापरता त्या एखाद्या छोट्या वेबसाइटवर जा आणि 'पासवर्ड विसरलात?' हे बटण दाबा. नवा पासवर्ड ठेवण्याची लिंक आली तर ठीक. पण तुमचाच जुना पासवर्ड ईमेलमध्ये लिहून आला, तर समजा, त्यांनी धान्य तसंच ठेवलं आहे. तो पासवर्ड आणखी कुठे वापरत असाल, तर आज रात्रीच तिथला बदला. ईमेलचा आधी, बँकेचा लगेच नंतर.

आणि आपल्यातला जो मुलगा किंवा मुलगी अशी वेबसाइट सुट्टीच्या दिवशी, कुणाकडून पैसे न घेता बनवते, तिला एकदा विचारा: आमचे पासवर्ड दळलेले आहेत ना? रागावून नको, चहा पाजून विचारा. उत्तर 'नाही' आलं, तर हा भाग तिला पाठवा.

पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या. नमस्कार.